घरी बनवलेली ट्राइक: बांधली एकदा, सांभाळली जन्मभर

ऐकताना सालं आणि आकडे निसटून जातात अशी तक्रार असते, म्हणून हा भाग लिहूनही टाकतोय.

आजचा विषय आहे ट्राइक. म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल, पुढे एक चाक, मागे दोन चाकं. त्यातही कंपनीत बनलेली नाही, तर कुणीतरी घरामागच्या शेडमध्ये दोन वेगळ्या गाड्या कापून, जोडून बनवलेली. अशा गाड्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ठिणग्या उडतात, वेल्डिंग होतं, रंग लागतो, मालक ऐटीत निघून जातो आणि व्हिडिओ संपतो. मला बोलायचंय ते त्यानंतरच्या वीस वर्षांबद्दल.

कारण कंपनीची गाडी घेतली की तिच्यासोबत बरंच काही फुकट मिळतं. सर्व्हिस सेंटर, पार्ट नंबर, मॅन्युअल, आरसी बुक, इन्शुरन्स. घरी बनवलेल्या गाडीबरोबर यातलं काहीच येत नाही. अशी गाडी टिकायला तीन गोष्टी लागतात: सुटे भाग, माहिती आणि कागद. यातली एक जरी गेली तरी गाडी थांबते. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत हे वेगवेगळ्या देशांत कसं घडलं, ते बघू.

पहिली मोटारगाडीच तीनचाकी होती

२९ जानेवारी १८८६ ला कार्ल बेंझ यांनी जर्मनीत ज्या मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला, तिला तीनच चाकं होती. हौस म्हणून नाही. चार चाकांच्या गाडीत पुढची दोन चाकं एकाच वेळी पण थोड्या वेगळ्या कोनांत वळवावी लागतात, आणि त्या काळच्या स्टिअरिंगच्या पद्धती बेंझ यांना पसंत नव्हत्या. पुढे एकच चाक ठेवलं की तो प्रश्नच उरत नाही. आजही घरी गाडी बनवणारा तीन चाकांकडे वळतो त्यामागे हे एक कारण आहेच.

ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्था बेंझ, म्हणजे कार्ल यांच्या पत्नी, नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन अशाच एका गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेल्या. साधारण शंभर किलोमीटर. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण वाटेत काय काय झालं ते ऐका. इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं मोकळी केली. इग्निशनच्या वायरला आवरण हवं होतं, तिथे मोज्याचा पट्टा वापरला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा गावातल्या चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. इंधन संपलं तर वीस्लोख गावातल्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं, जे तेव्हा कपड्यांचे डाग काढायला विकलं जायचं. परत आल्यावर सांगितलं की चढासाठी आणखी एक गिअर लागेल.

ही गोष्ट बहुतेक वेळा जाहिरातीसारखी सांगितली जाते. मला ती देखभालीची वाटते. ज्या गाडीचं सर्व्हिस सेंटर जगात कुठेच नाही, तिच्या मालकानं कसं वागायचं याचा तो पहिला धडा होता. गाडीत काय कशासाठी आहे हे माहीत असलं, तर चांभार आणि औषधवालासुद्धा तुमचे मेकॅनिक होतात.

कर वाचवणारं तिसरं चाक

मध्ये एक छोटा थांबा इंग्लंडमध्ये. १९०९ साली एच. एफ. एस. मॉर्गन या गॅरेजवाल्या तरुणानं माल्व्हर्न गावात स्वतःसाठी एक तीनचाकी बनवली. मोटारसायकलसाठी घेतलेलं प्युजोचं दोन सिलिंडरचं इंजिन होतं, आणि शाळेतल्या इंजिनिअरिंगच्या मास्तरांनी मदत केली. हिची रचना उलटी होती, पुढे दोन चाकं आणि मागे एक. लोकांना ती आवडली, १९१० च्या प्रदर्शनात मांडली आणि पुढे कंपनीच उभी राहिली. मॉर्गनच्या तीनचाकी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बनत होत्या.

त्या इतकी वर्षं विकल्या गेल्या त्यात कराचा मोठा वाटा होता. ब्रिटनमध्ये ठराविक वजनाच्या आतल्या तीनचाकीला मोटारीचा नाही, मोटारसायकलच्या हिशोबाचा कमी कर बसायचा. म्हणजे चाक तीन की चार हे फक्त वर्कशॉपमध्ये ठरत नव्हतं, सरकारी रकान्यातही ठरत होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

अर्धी बीटल

आता येऊ आज आपण ज्याला ट्राइक म्हणतो तिच्याकडे. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत, मुख्यतः कॅलिफोर्नियात, लोकांनी फोक्सवॅगन बीटल मधून कापायला सुरुवात केली. मागचा अर्धा भाग ठेवायचा, पुढे मोटारसायकलचा लांब फोर्क जोडायचा, झाली ट्राइक.

बीटलच का? पहिलं कारण, ती ढिगानं होती. १९६८ साली एकट्या अमेरिकेत चार लाखांच्या आसपास बीटल विकल्या गेल्या. जिथे नव्या गाड्या इतक्या, तिथे काही वर्षांनी भंगारातही तितक्याच. आणि बीटलचा पत्रा गंजला किंवा गाडी पुढून ठोकली तरी इंजिन वाचायचं, कारण ते मागे होतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. बीटलच्या मागच्या भागात इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल, सस्पेन्शन आणि ब्रेक असं सगळं एकत्र येतं. मागच्या दोन चाकांना ताकद कशी वाटून द्यायची हा ट्राइकमधला सगळ्यात अवघड प्रश्न, आणि तो जर्मनीतल्या इंजिनिअरांनी आधीच सोडवून ठेवला होता. वर इंजिन हवेनं थंड होणारं. रेडिएटर नाही, पाणी नाही, पाण्याचे पाइप नाहीत. गिअरबॉक्सला ते मुख्यतः चार बोल्टांवर लटकलेलं असतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला तयार लायब्ररी म्हणतो, तसंच हे. अवघड काम दुसऱ्यानं करून, तपासून ठेवलंय, तुम्ही फक्त जोडायचं.

हीच युक्ती ब्राझीलमध्येही चालली, तिथे बीटलला फुस्का म्हणतात. जर्मनीत १९९० च्या सुमारास बूम आणि रेवाको अशा कंपन्या निघाल्या, त्यांनीही सुरुवातीला याच इंजिनावर ट्राइक बनवल्या. पण घरच्या शेडमध्ये बनणाऱ्या गाड्या थांबल्या नाहीत.

आणि मग सांभाळायची कशी

समजा अशी ट्राइक तुमच्या दारात उभी आहे. वर्षभरात काय काय करावं लागेल?

सगळ्यात आधी टॅपेट. आपल्याकडचे मेकॅनिक ज्याला टॅपेट सेटिंग म्हणतात ते. या इंजिनाच्या बहुतेक प्रकारांत व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमध्ये ०.१५ मिलिमीटर जागा लागते, आणि ती दर ५००० किलोमीटरला तपासायची. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. गाडीवरून उतरून लगेच केलं तर माप चुकणार. व्हॉल्व्हच्या झाकणाला बोल्टसुद्धा नाही, एक स्प्रिंगसारखी तार असते, ती खाली ओढली की झाकण हातात येतं. मग फीलर गेज, पाना आणि स्क्रू ड्रायव्हर. सिलिंडर पेटण्याचा क्रम आहे १-४-३-२. पुली उलटी फिरवत गेलात तर तोच क्रम सरळ १-२-३-४ होतो, म्हणून माहीतगार माणूस पुली उलटीच फिरवतो.

हे टाळलं तर? इंजिन चालत राहतं. उलट आवाज कमी येतो, म्हणून बरं वाटतं. पण जागा संपली की एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, त्याची उष्णता बाहेर जात नाही, तो जळतो, आणि एक दिवस त्याचं डोकं तुटून पिस्टनवर आदळतं. म्हणजे इथे खडखड करणाऱ्या टॅपेटपेक्षा एकदम शांत झालेल्या टॅपेटला जास्त घाबरायचं.

दुसरं, ऑइल. फक्त अडीच लिटर, आणि मूळ इंजिनाला कागदी फिल्टर नाहीच, नुसती जाळी आहे. मोठी घाण जाळीत अडकते, बारीक घाण ऑइलबरोबर फिरत राहते. म्हणून ऑइल वेळेवर बदलण्याला पर्याय नाही. हवेनं थंड होणारं इंजिन म्हणतात, पण त्याची बरीच उष्णता हे ऑइलच बाहेर नेतं.

तिसरं, पत्रे. यात घरी बनवणारे हमखास फसतात. बीटलमध्ये इंजिनाभोवती पातळ पत्र्यांची भिंत असते. वरची थंड हवा वर, खालची तापलेली हवा खाली. पंखा वरची हवा ओढून सिलिंडरवरून खाली ढकलतो. ट्राइकवर इंजिन उघडं असतं, आणि चकचकीत इंजिन दिसावं म्हणून लोक हे पत्रे काढून टाकतात. मग खालची गरम हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा इंजिनावर मारतो. मूळ रचनेतही तीन नंबरचा सिलिंडर जास्त तापायचा, कारण ऑइल कूलर त्याच्या हवेच्या वाटेत उभा होता. १९७१ च्या मॉडेलमध्ये फोक्सवॅगननं तो कूलर बाजूला काढला. कंपनीला जे उमगायला इतकी वर्षं लागली, ते आपण छान दिसतं म्हणून बिघडवायचं नाही.

फॅन बेल्टचंही तसंच. या गाडीत एकच बेल्ट डायनॅमो आणि पंखा दोन्ही फिरवतो. चार्जिंगचा लाल दिवा लागला तर बॅटरी चार्ज होत नाहीये एवढाच त्याचा अर्थ नसतो. बेल्ट तुटून इंजिनाची हवासुद्धा बंद झालेली असू शकते. दुसऱ्या गाडीत त्या दिव्यावर घरी पोचता येतं. इथे कडेला घ्यायची.

आणि पेट्रोलचा पाइप. तो रबरी पाइप इंजिनावरून जातो. जुना झाला, तडकला आणि थेंब गरम इंजिनावर पडला की आग. बीटल जळण्याचं हे जुनं, नेहमीचं कारण आहे. दीड हात पाइप आणि दोन क्लिप बदलायला अर्धा तासही लागत नाही.

हे सगळं मूळ बीटलकडून आलेलं काम. ट्राइकचं स्वतःचं काम वेगळं. मोटारसायकल वळणावर झुकते, ट्राइक झुकत नाही. तिला वळवताना हँडलवर जोर लावावा लागतो, आणि लांब तिरका फोर्क असला तर हात भरून येतात. पुढचं टायर मोटारसायकलचं, ते मधे झिजण्याऐवजी कडेला झिजतं. फोर्क जिथे चासीला मिळतो त्या मानेवर रस्त्याचा प्रत्येक खड्डा येतो, म्हणून तिथल्या वेल्डिंगला बारीक तडा गेलाय का हे कापडानं पुसून, बॅटरीच्या उजेडात बघायचं. वळणात जोरात ब्रेक मारला तर वजन पुढच्या एकट्या चाकाकडे आणि बाहेरच्या बाजूला जातं, आणि आतलं मागचं चाक उचलायला लागतं. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी. क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या केबल बनवणाऱ्यानं आपल्या मापानं कापलेल्या, दुकानात त्याच मापाच्या मिळत नाहीत. वायरिंगही त्याच्या डोक्यातलं. लाल वायर कुठे जाते ते फक्त त्यालाच माहीत.

म्हणून अशी गाडी विकत घेणाऱ्याला जाणकार एकच सल्ला देतात: गाडीबरोबर बनवणाऱ्याची वहीही घ्या. कुठला गिअरबॉक्स, कुठल्या सालचं इंजिन, बेअरिंगचा नंबर काय, कुठली वायर कशाची. वही नसेल तर पहिल्या महिन्यात स्वतः बनवा.

वेड्याला समजेल अशी वही

माहिती किती मोलाची असते याचं या गोष्टीतलं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे एक पुस्तक. जॉन म्युअर नावाचा एक अमेरिकी इंजिनिअर होता. लॉकहीडसारख्या विमान कंपनीत नोकरी केलेला. ते सगळं सोडून तो न्यू मेक्सिकोत गाड्या दुरुस्त करत राहिला, आणि १९६९ मध्ये त्यानं फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवायची यावर पुस्तक काढलं. ‘हाऊ टू कीप युअर फोक्सवॅगन अलाइव्ह’. पाना कधी हातात न धरलेल्या माणसासाठी, बोलल्यासारख्या भाषेत, हातानं काढलेल्या चित्रांसह. स्पायरल बाइंडिंग, म्हणजे तेलकट हातांनी काम करताना पुस्तक जमिनीवर उघडं राहावं. त्याच्या वीस लाखांहून जास्त प्रती खपल्या.

कंपनीचं मॅन्युअल मेकॅनिकसाठी असतं, ते गृहीत धरतं की तुमच्याकडे कंपनीची हत्यारं आहेत. म्युअरनं गृहीत धरलं की तुमच्याकडे थोडे पैसे, एक झाड आणि बराच वेळ आहे. बीटल कापून बनवलेल्या ट्राइकच्या मालकालाही हे पुस्तक तेवढंच उपयोगी, कारण मागचा अर्धा भाग तोच. ३० जुलै २००३ ला मेक्सिकोतल्या पुएब्लामध्ये शेवटची जुनी बीटल बाहेर पडली. एकूण संख्या २ कोटी १५ लाखांच्या पुढे. एवढ्या गाड्या जगभर पसरल्या म्हणून भाग आजही बनतात, आणि माहिती लिहिलेली आहे म्हणून ते बसवताही येतात. तीनपैकी दोन गोष्टी पक्क्या.

दिल्लीची फटफटी

आता आपल्या देशात येऊ. इथे बीटल नव्हत्या. पण भंगारात दुसरं काहीतरी होतं.

दुसऱ्या महायुद्धात हार्ले-डेव्हिडसननं सैन्यासाठी डब्ल्यूएलए नावाच्या मोटारसायकली हजारोंनी बनवल्या. ४५ क्युबिक इंचांचं, म्हणजे साधारण ७४० सीसीचं इंजिन. कॉम्प्रेशन कमी, त्यामुळे हलक्या पेट्रोलवरही चालणारं. युद्ध संपल्यावर भारतात राहिलेल्या अशा गाड्या स्वस्तात विकल्या गेल्या. त्याच वेळी फाळणी झाली. पश्चिम पंजाबातून उठून आलेली हजारो कुटुंबं दिल्लीत नव्यानं पोट भरायची वाट शोधत होती. त्यांतल्या काही शीख चालकांनी या मोटारसायकलींचं मागचं चाक काढलं, तिथे दोन चाकांचा सांगाडा जोडला, वर छप्पर आणि माणसं बसतील अशी बाकडी. कॅनॉट प्लेस ते चांदनी चौक, करोल बाग अशा मार्गांवर ती माणसं नेऊ लागली. आवाजावरून नाव पडलं फटफटी. आपल्याकडे जुनी माणसं कुठल्याही मोटारसायकलला फटफटी म्हणतात, दिल्लीत तो शब्द या तीनचाकीचा झाला.

गंमत म्हणजे हार्लेनं स्वतःही याच ४५ इंची इंजिनाच्या घराण्यावर सर्व्हि-कार नावाची तीनचाकी १९३२ पासून १९७३ पर्यंत विकली. अमेरिकी पोलीस आणि गॅरेजवाले ती वापरायचे. मिलवॉकीच्या कारखान्यात आणि दिल्लीच्या गल्लीत एकाच इंजिनाचा एकच उपयोग सुचला होता.

फरक होता भागांचा. मिलवॉकीत पिस्टन कपाटातून काढता येत होता. दिल्लीत नवे भाग येणं अवघड होतं, आणि पुढे तर हार्लेनं ती इंजिनंच बंद केली. इंजिनं संपत गेली तशी त्यांच्या जागी शेतातल्या पंपांची डिझेल इंजिनं बसू लागली. इथे महाराष्ट्राचा धागा येतो, कारण त्यांत किर्लोस्कर हे नाव ठळक होतं. पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली तेव्हा तिची इंजिनं विहिरीवर पाणी उपसतील हे सगळ्यांना दिसत होतं. चांदनी चौकात माणसं ओढतील हे कुणाच्या मनात नसेल. पुढून हार्ले, मागून टांगा, पोटात शेतीचा पंप. गाडी बदलत बदलत जगली, पण धूर आणि आवाज वाढला.

गुजरातेत सौराष्ट्रात अशीच दुसरी गाडी निघाली. पुढून एन्फिल्ड बुलेट, मागे मालाची पेटी, डिझेल इंजिन. नाव छकडो. मराठीत छकडा म्हणजे छोटी बैलगाडी, ते नाव बैल जाऊन बुलेट आली तरी तसंच राहिलं. छकड्याच्या नशिबात एक चांगली गोष्ट झाली. राजकोटजवळच्या अतुल ऑटोसारख्या कंपन्यांनी तो कारखान्यात बनवायला घेतला, त्यामुळे त्याला कागद मिळाले. फटफटीचं तसं झालं नाही. १९९८ मध्ये दिल्लीच्या हवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जुन्या गाड्या हटवण्याचे आणि सीएनजीचे आदेश दिले, आणि त्या सुमारास फटफट्या रस्त्यावरून गेल्या. पन्नास वर्षं भाग जुळवले, माहिती बापाकडून मुलाकडे गेली, आणि शेवटी गाडी थांबली ती तिसऱ्या गोष्टीवर.

ही गाडी आहे, हे कोण ठरवणार?

कागदाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उत्तर भारतात पंपाच्या इंजिनावर बनवलेल्या गाड्यांना जुगाड म्हणतात. आपण शहरातली पोरं जुगाड शब्दाचं भारी कौतुक करतो. पण नोंदणी नसलेल्या गाडीला इन्शुरन्स नसतो. तिच्या अपघातात कुणी गेलं तर घरच्यांना भरपाई कोण देणार? राजस्थानातून वर आलेल्या अशाच भरपाईच्या प्रकरणात मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जुगाड हेही कायद्यानुसार मोटार वाहनच आहे, आणि नोंदणी, विमा, परवाना याशिवाय ते रस्त्यावर येऊ शकत नाही. कुणाचं पोट त्यावर चालत होतं, हे खरं. मागे बसलेल्या माणसाचा जीव उघड्यावर होता, हेही तितकंच खरं.

मग वाट कुठली? आपल्याकडे नवी गाडी रस्त्यावर आणायची तर तिचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत चाचण्यांतून पास व्हावा लागतो. ज्या कंपनीला तीच गाडी हजारोंनी विकायचीय तिला हे परवडतं. एकच गाडी बनवणाऱ्याला नाही. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेल्या, कंपनीनं ठरवलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करायचा नाही. २०१९ च्या निकालात न्यायालयानं हे पुन्हा ठासून सांगितलं. इंजिनिअरिंगला असताना बाहा स्पर्धेची बग्गी ज्यांनी बनवली असेल त्यांना हे माहितीये. स्पर्धा संपली की ती बग्गी कॉलेजच्या शेडमध्ये धूळ खाते, रस्त्यावर जात नाही.

ब्रिटननं वेगळी वाट काढली. कापून-जोडून बनवलेल्या मोटारीत मूळ गाडीचं किती उरलं, हे मोजायला तिथे बरीच वर्षं गुण द्यायची पद्धत होती. चासीला ५, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला १. चासी मूळची आणि एकूण ८ गुण भरले तर जुना नंबर राहायचा. नाही भरले, तर ओळख संशयास्पद म्हणून क्यू अक्षरानं सुरू होणारा नंबर. पण नंबर मिळायचा! २००३ पासून तिथे मोटारसायकली आणि ट्राइकसाठी एकेका गाडीची वेगळी तपासणी सुरू झाली. ब्रेक, दिवे, आवाज, अंगाला लागतील अशा धारदार कडा, सगळं बघतात. पास झालात तर रस्ता मोकळा. म्हणजे बनवणाऱ्याला शिक्षाही नाही आणि सूटही नाही, परीक्षा आहे.

मला हेच पटतं. घरी बनवलेल्या गाडीला आंधळेपणानं परवानगी नको, कारण मानेचं वेल्डिंग तुटलं तर समोरून येणाऱ्याचाही जीव जातो. पण परीक्षेला बसायची खिडकीच नसेल, तर लोक गाड्या बनवणं थांबवत नाहीत. फक्त लपून चालवतात. आणि लपवलेल्या गाडीची देखभाल कधीच नीट होत नाही, कारण ती कुणाला दाखवताच येत नाही.

हे सगळं कॅलिफोर्निया आणि दिल्लीपुरतं वाटत असेल, तर तुमच्या गावातल्या रस्त्याकडे बघा. दिव्यांग व्यक्तीसाठी मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर दिसेलच. आपल्या कायद्यात अशा बदलासाठी वाट ठेवलेली आहे आणि तशी नोंद आरसीवर करता येते. म्हणजे छोट्या गॅरेजमध्ये जोडलेली, कागद असलेली, रोज कामावर नेणारी गाडी आपल्याकडे आहे. स्कूटरचे भाग कंपनीकडे मिळतात. पण त्या जादा चाकांचा आस कुठल्या मापाचा, बेअरिंग कुठलं, ब्रॅकेटचे बोल्ट किती दिवसांनी आवळायचे, हे बऱ्याचदा ज्यानं ती बसवली त्या एकट्या मिस्त्रीला माहीत असतं. तो गाव सोडून गेला किंवा म्हातारा झाला, तर चालवणाऱ्याचं घराबाहेर पडणं थांबतं.

म्हणून आजच्या भागातून एकच काम सांगतो. तुमच्या ओळखीत अशी स्कूटर कुणाकडे असेल, तर रविवारी फोन घेऊन तिथे जा. प्रत्येक जोडाचा फोटो काढा, बेअरिंगवरचा नंबर टिपा, मिस्त्रीकाकांना चार प्रश्न विचारून रेकॉर्ड करा, आणि ते सगळं एका वहीत उतरवून डिकीत ठेवा. एक दुपार लागेल.

पुढच्या भागात भेटू. तोवर टायरमधली हवा तपासत राहा!